राखीव ऑफिसातल्या खुर्च्या

१

ऑफिसात त्याला सगळे वायर म्हणायचे. अंगकाठी तशीच होती, आणि खांद्यावर बाराही महिने केबलचं एक वेटोळं असायचं. ते वेटोळं कुठंच जोडलेलं नसायचं. पण केबल घेऊन लगबगीनं जाणाऱ्या माणसाला कुणी नवं काम सांगत नाही, हा शोध त्याला नोकरीच्या सुरुवातीलाच लागला होता.

कंपनी विम्याची. लोकांच्या घरांना आग लागेल, गाड्या चोरीला जातील, पाय मोडतील, यावर तिचं पोट. अशा धंद्यात मुरलेली कंपनी स्वतःबद्दलही वाईटच विचार करणार. म्हणून शहराच्या दुसऱ्या टोकाला तिनं एक अख्खं राखीव ऑफिस मांडून ठेवलं होतं. उद्या मूळ ऑफिस जळालं, बुडालं, खचलं, तर सगळ्यांनी उठायचं आणि तिकडं जाऊन बसायचं. तेवढीच टेबलं, त्याच रांगा, भिंतीवरचं घड्याळसुद्धा त्याच जागी. फरक एवढाच की तिथल्या खुर्च्यांवरचं प्लास्टिक कुणी काढलेलं नव्हतं.

"कशाला काढायचं?" साहेब म्हणायचे. "आग लागली की काढू."

या राखीव ऑफिसात वायरला एक काम दिलं होतं, डिरेक्टरी सर्व्हरची दुसरी प्रत उभी करायचं. डिरेक्टरी सर्व्हर म्हणजे काय, तर ऑफिसची समोरच्या बिऱ्हाडातली काकू. कोण कुठं बसतं, कुणाचा साहेब कोण, कुणाचा फोन नंबर काय, कुणाला कुठल्या दारातून आत सोडायचं, सगळं तिला पाठ. सकाळी तुम्ही पासवर्ड टाकला की कॉम्प्युटर तिलाच विचारतो, "ओळखता का हो याला?" काकूंनी मान डोलावली तर तुम्ही आहात. नाही डोलावली तर तुम्ही कितीही छाती पिटा, दार उघडत नाही.

मूळ ऑफिसातल्या सर्व्हरचं नाव वायरनं 'थोरला' ठेवलं आणि राखीव ऑफिसातल्याचं 'धाकटा'. थोरल्याला जे कळेल ते आपोआप धाकट्यालाही कळावं, याला रेप्लिकेशन म्हणतात. पण त्याआधी एकदाच पहिली भरणी करावी लागते. एकातलं सगळं पुसायचं आणि दुसऱ्यातलं जसंच्या तसं त्यात ओतायचं. यात सांभाळायचं एकच. कोण ओतणार आणि कोण पुसला जाणार.

शनिवारची दुपार होती. राखीव ऑफिसात वायर एकटा. धाकटा त्यानं त्याच सकाळी स्वतःच्या हातानं बसवला होता, आत एक माणूस नाही, कोरा करकरीत. समोरच्या पडद्यावर दोन खिडक्या उघड्या होत्या, एक थोरल्याची, एक धाकट्याची. दिसायला जुळी भावंडं. डब्यातला शेवटचा घास तोंडात टाकत त्यानं एका खिडकीत 'इथून तिथे भरा' हे बटण दाबलं.

किती भरलं ते दाखवणारी पट्टी सरकायला लागल्यावर त्यानं वर वाचलं. खिडकी धाकट्याची होती.

२

ज्याच्यात कुणीच नाही असा धाकटा थोरल्याला पुसून त्याच्या जागी स्वतःला ओतत होता. ओतायला होतं काय? शून्य. म्हणजे सोमवारी सकाळी कंपनीत कुणीच नसणार. माणसं येतील, कार्ड लावतील, आणि काकू म्हणणार, "छे, या नावाचं कुणी इथं राहत नाही."

वायरला सगळ्यात आधी आठवली ती ताई.

ताई म्हणजे त्याची सख्खी मोठी बहीण. आई-वडील गेल्यापासून घरात ही दोघंच. ती याच कंपनीत दावे विभागात होती. तिचं काम खोटे दावे पकडायचं. माणसानं दारात पाऊल टाकलं की ती त्याच्या चपलांकडं बघायची आणि म्हणायची, "पाय मोडला म्हणता, मग दोन्ही चपला सारख्याच कशा झिजल्या?" अशा बाईनं आयुष्यात एकच खोटा दावा डोळे मिटून पास केला होता. साहेबांसमोर उभी राहून ती म्हणाली होती, "माझा भाऊ आहे. कामाचा आहे."

पट्टी शेवटाला गेली. वायरनं थोरल्याची खिडकी पुढं घेतली.

सगळे होते. साहेब होते. हिशेबनीस काका होते. ताई होती. तिचं टेबल, तिचा फोन, सगळं जागच्या जागी. आडनावाच्या क्रमानं तिच्या लगेच खाली तो स्वतः.

"सुटलो," वायर मोठ्यानं म्हणाला. रिकाम्या ऑफिसात तो आवाज जरा जास्तच घुमला.

मग त्याची ट्यूब पेटली. कोऱ्या पाटीनं फळा पुसला, तर फळ्यावर अक्षरं राहतील कशी? म्हणजे बटण बरोबरच दाबलं असणार, वाचण्यातच चूक झाली असणार. त्यानं नोंद उघडून पाहिली. काय घडलं ते मशीन आपलं आपण लिहून ठेवतं, आणि मशीनला कुणाची भीडभाड नसते. तिथं स्वच्छ लिहिलं होतं, धाकट्यातून थोरल्यात, भरणी पूर्ण.

म्हणजे धाकटा कोरा नव्हता. त्यात सगळे आधीपासूनच होते.

त्यानं वळून राखीव ऑफिसकडं पाहिलं. प्लास्टिक घातलेल्या खुर्च्या टेबलांना चिकटून गप्प होत्या. एसीची झुळूक आली की प्लास्टिक जरा फुगायचं आणि बसायचं. श्वास घेतल्यासारखं, असं म्हणणार होता, पण त्यानं तो विचार तिथंच दाबला. मशीनची चूक असेल. मशीनंही शनिवारी अर्धा दिवसच काम करत असतील. त्यानं डबा उचलला आणि जवळजवळ पळतच बाहेर पडला.

सांगायचं कुणाला? कुणालाच नाही. सगळं चालू आहे ना, मग झालं.

३

सोमवारी सगळ्यांची कार्डं लागली. सगळे आत आले. साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

"वायर, काम झालं म्हणे."

"झालं साहेब."

"काही अडचण?"

"काही नाही."

"मला ठाऊकच होतं," साहेब म्हणाले आणि गेले. वायर त्यांच्या पाठीकडं बघतच राहिला. साहेबांना काही ठाऊक असल्याचं त्यानं आजवर ऐकलं नव्हतं. साहेबांचं ब्रीदवाक्य होतं, "मला कुणी सांगितलंच नाही."

तेवढ्यात काकांचा मेल आला. मेलच्या कोपऱ्यात काकांचा छोटासा फोटो होता. हा फोटो डिरेक्टरीतूनच येतो. तोच चौकटीचा शर्ट, तोच फोटोग्राफरवर रागावलेला चेहरा. पण वायरला काहीतरी खटकलं. त्यानं फोटो मोठा केला.

हे फोटो मूळ ऑफिसात, जिन्याजवळच्या पांढऱ्या भिंतीसमोर काढले होते. खांद्यावर केबल टाकून ते त्यानं स्वतःच काढले होते. पण काकांच्या खांद्यामागं पांढरी भिंत नव्हती. एक खुर्ची होती. तिच्या पाठीवर प्लास्टिक.

त्यानं साहेबांचा फोटो उघडला. खुर्ची, प्लास्टिक. ताईचा उघडला. ताई नेहमीसारखी 'पुरावा दाखवा' अशा चेहऱ्यानं बघत होती. मागं खुर्ची, प्लास्टिक, त्यावर ट्यूबलाइटची चमक. एकेक करत तो उघडत गेला. प्रत्येकाच्या मागं तेच.

शेवटी त्याच्या स्वतःच्या नावापाशी आला. त्याचा फोटो डिरेक्टरीत नव्हताच, कारण इतरांचे काढायच्या नादात त्यानं स्वतःचा टाळला होता. आता होता. खांद्यावर केबल, गालात घास, आणि मागं प्लास्टिकची खुर्ची.

कुणीतरी थट्टा करतंय, असं त्यानं ठरवलं. थट्टा करणारा ऑफिसात एकच होता, आणि तो म्हणजे तोच. तरी त्यानं ठरवलं ते ठरवलं. खात्री करायला त्यानं शुक्रवारचा बॅकअप उघडला. म्हणजे त्याची चूक व्हायच्या आधीचा.

त्यातल्या फोटोंतही प्लास्टिक होतं.

४

मग त्याला आवाज ऐकू यायला लागला.

हिशेबनीस काका जेवून आले आणि खुर्चीत टेकले. चर्र. अगदी बारीक. फ्रीजच्या खोक्यातून फ्रीज काढताना होतो तसला. वायर उठून त्यांच्या खुर्चीला वळसा घालून आला. जुनीच खुर्ची, कापड फाटलेलं, आतला स्पंज डोकावणारा. प्लास्टिकचा मागमूस नाही.

"काय रे, काय शोधतोस?" काका म्हणाले.

"पंखा कितीवर आहे बघत होतो."

हे त्यानं मुद्दाम टाकलं. कारण काका आणि ताई यांचं पंख्यावरून वैर होतं. काकांना तो पाचवर लागायचा, आणि पंख्याखाली बसणाऱ्या ताईला दोनवर. या भांडणात साहेबांनी एकदा मध्यस्थी केली, तेव्हा दोघांनी मिळून साहेबांनाच झापलं होतं.

"दोनवर आहे," काका म्हणाले. "छान आहे की."

"नाहीतर पाचवर करा ना काका," पलीकडून ताई म्हणाली. "मला चालतो."

"नको बेटा, दोनच बरा."

वायरनं पंख्याकडं पाहिलं, मग दोघांकडं.

त्यानंतर त्यानं लक्ष ठेवलं. ऑफिसात कुणाचं कुणाशी वाजतच नव्हतं. सुट्टी कुणी घ्यायची, खिडकी कुणी लावायची, शेवटचा कप कुणी न विसळता ठेवला, सगळ्याला सगळ्यांचं 'हो'. थोरल्या-धाकट्याचं रेप्लिकेशन नीट चाललं की दोघांत तसूभरही फरक राहत नाही, तसंच. त्यात एक माणूस दावे विभागात आला. त्याची गाडी एकाच दुपारी दोनदा चोरीला गेली होती, दोन्ही वेळा वेगवेगळ्या गावातून. वायर कान टवकारून ऐकत होता. आता ताई याची सालटी काढणार.

"बिचारे," ताई म्हणाली आणि शिक्का मारला.

घरी आल्यावर त्यानं तिची परीक्षाच घ्यायची ठरवली. ती सोफ्यावर बसली. चर्र. घरच्या सोफ्यावर.

"ताई, लहानपणी बाबांचं घड्याळ कुणी फोडलं गं?"

या घड्याळावरून दोघं जन्मभर भांडत आली होती. ताईचं म्हणणं, यानं फोडलं. याचं म्हणणं, हिनं.

"मी," ताई म्हणाली.

"काय?"

"मीच फोडलं. तुझ्यावर ढकललं. तुला मार बसला. मला वाईट वाटतं रे."

ती खरं बोलत होती, हे वायरला चांगलं ठाऊक होतं. इतकी वर्षं त्याला हेच ऐकायचं होतं. पण आता ऐकल्यावर त्याला तिच्या शेजारी बसवेना. तो उठून पाणी प्यायला गेला आणि स्वयंपाकघरातल्या अंधारात उगाच उभा राहिला. बाहेर ती गप्प बसली होती. त्यानं हाक मारली असती तर आली असती. न मारता ती कधी आली नसती, हे तर आणखीच वाईट. त्याची ताई एव्हाना दारात उभी राहून म्हणाली असती, "काय चोरून खातोयस?"

त्या रात्री त्यानं खोलीच्या दाराला कडी घातली. स्वतःच्या बहिणीला घाबरून कडी घालणारा पहिला गाढव मीच, असं स्वतःशी म्हणाला. पण कडी काढली नाही. एकच गोष्ट त्याच्या डोक्यात पक्की बसली. त्याला ताई परत हवी होती. खोटी, भांडकुदळ, अन्याय करणारी, पण स्वतःची.

५

धाकट्यात काय आहे ते बघायला हवं होतं. मूळ ऑफिसातून तो उत्तर देत नव्हता. म्हणून जेवायच्या सुट्टीत वायरनं केबल खांद्यावर टाकली आणि राखीव ऑफिस गाठलं.

दाराशी पहारेकरी स्टुलावर बसून कान कोरत होता. वायरनं कार्ड लावलं. लाल दिवा. पुन्हा लावलं. लाल.

"आता कसं उघडेल?" पहारेकरी म्हणाला. "तुम्ही आत आहात ना."

"मी इथं उभा आहे."

"ते दिसतंय की मला. पण मशीन म्हणतंय, शनिवारी आत गेलात ते अजून बाहेर आला नाहीत. आत गेलेला बाहेर आल्याशिवाय त्याला परत आत घेत नाही ते. एका कार्डावर दोन माणसं नकोत म्हणून. तुम्हीच बसवलंय."

खरंच, त्यानंच बसवलं होतं. शनिवारी घाबरून पळताना बाहेरचं कार्ड लावायचं राहिलं असणार. अगदी सरळ आहे. मग दार उघडलं कसं, हा प्रश्न त्याच्या मनात आला, पण तो त्यानं सभ्यपणे बाहेरच उभा केला.

"तुमच्या कार्डानं उघडा ना दादा."

"माझं कार्ड फाटकाचं. आतलं मी बघत नाही. मला तसं सांगितलंय."

मग वायरनं दाराच्या काचेला नाक लावलं.

आत दिवे चालू होते. टेबलांच्या रांगा तशाच. पण खुर्च्यांवर प्लास्टिक नव्हतं. एकाही नाही. खुर्च्या टेबलांना चिकटूनही नव्हत्या. एखादी जरा तिरकी सरकवलेली, एखादी लांब ढकललेली, लोक जेवायला उठून गेल्यावर असतात तशा. तिसऱ्या रांगेत, जिथं मूळ ऑफिसात ताई बसते तिथं, खुर्चीच्या पाठीला एक विटका निळा स्वेटर लटकत होता. ताईचा. सकाळी घरातून निघताना वायरनं तोच स्वेटर तिच्या अंगावर पाहिला होता.

आणि त्याच्या पलीकडची एक खुर्ची फिरत होती. हळूहळू. कुणीतरी नुकतंच झटक्यात उठून गेल्यासारखी. अर्धा वळसा, मग पाव, मग थांबली.

"दादा," वायर म्हणाला, "आत कुणी आहे का?"

पहारेकऱ्यानं कान बदलला. "दुपारी असते जरा गडबड," तो म्हणाला. "मग शांत होतं."

६

परत आल्यावर वायर आपल्या टेबलाशी बसून राहिला. ऑफिस जेवून सुस्तावलं होतं. काका डोळे मिटून बसले होते. त्याच्याकडं पाठ करून ताई तिच्या जागेवर होती, अंगात निळा स्वेटर.

राखीव ऑफिसातल्या प्रत्येक टेबलावर तोच फोन नंबर होता, फक्त आधी नऊ दाबायचा. ही सोयही वायरचीच. त्यानं नऊ दाबला आणि ताईचा नंबर लावला. समोर ताईचा फोन गप्प होता. कानात मात्र घंटी वाजत होती.

कुणीतरी उचलला.

"दावे विभाग. थोडक्यात बोला."

वायर म्हणाला, "ताई?"

"ताई, माई, अक्का म्हणून दावा पास होत नाही. कोण बोलतंय? आणि हे काय, इथं तर 'राखीव ऑफिस' असं दिसतंय. तिथं कसे घुसलात तुम्ही? तिथं चिटपाखरूसुद्धा नसतं."

"राखीव ऑफिस तुमच्याकडं आहे. मी मूळ ऑफिसातून बोलतोय."

"असं? मग खिडकीतून काय दिसतं सांगा बघू."

वायरनं मान वळवली. "गाड्या. पत्र्याची शेड. शेडवर कुणीतरी फेकलेला बूट."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "कुठल्या पायाचा?"

"डाव्या."

"उजव्या पायाचा आहे," ती म्हणाली. "आत्ता बघतेय मी. खोटं बोलायचं तर नीट तरी बोलावं माणसानं."

वायरनं पुन्हा पाहिलं. बूट डाव्या पायाचाच होता. पण त्याला इतका आनंद झाला होता की त्यानं तो विषय सोडून दिला. हीच. हीच ती. चुकत असली तरी ठणकावून चुकणारी.

"ताई, ऐक. मी बोलतोय. तुझा भाऊ. मी तुला तिथून परत आणतो."

"माझा भाऊ?" ती म्हणाली. "माझा भाऊ हा काय, इथं माझ्या टेबलावर बसून माझ्या डब्यातलं खातोय. ए ध्याना! घे, तुझ्याच खात्यातलं दिसतंय काहीतरी."

"तू बोल ना, माझे हात बरबटलेत."

"मग पूस! माझ्या स्वेटरला नाही, मेल्या!"

फोन हातातून हातात गेला. मग एक आवाज आला. तो कुणाचा हे वायरला पटकन कळलं नाही. स्वतःचा आवाज माणूस बाहेरून फारसा ऐकत नाही.

"हॅलो. बरं झालं फोन केलात. शनिवारपासून शोधतोय, हे सगळं कुठं जाऊन पडलं. दिशा उलटी पडली हो माझ्या हातून. तिकडं सगळं ठीक?"

"ठीक," वायर म्हणाला.

"साहेबांना काही कळलं?"

"नाही."

"सुटलो. मग कुणाला सांगायलाच नको. मी आत्ता सरळ करून टाकतो."

"थांब," वायर म्हणाला. "इथं माणसं आहेत."

पलीकडच्याला ते पटकन समजलं असावं. समजणारच. "असतील," तो म्हणाला. "भरणी चांगली झाली म्हणजे."

"इथं ताई आहे."

फोनमधून श्वास ऐकू येत होता. तोच श्वास, जो वायर इकडं घेत होता.

"इथंही आहे," तो शेवटी म्हणाला. अगदी हळू, आपल्याच भावाची समजूत घालावी तसा. "आणि ही भांडते."

फोन बंद झाला.

७

वायरनं काही दाबलं नव्हतं. तरी त्याच्या पडद्यावर पट्टी उगवली आणि सरकायला लागली. तिच्याखाली एकेक नाव येत होतं आणि जात होतं. आडनावाप्रमाणे, अ पासून.

काकांचं आडनाव अगदी वर होतं. काका जागच्या जागी दचकले. डोळे उघडले, आणि परगावाहून आलेला माणूस घराकडं बघतो तसं त्यांनी ऑफिसभर पाहिलं.

"झोपलो होतो का रे मी?" ते म्हणाले. मग वर बघून गरजले, "पंखा कुणी दोनवर केला?"

खुर्चीत ते मागं रेलले. खुर्ची फक्त करकरली.

वायर पट्टीकडं बघत राहिला. ज्याचं नाव येत होतं, तो इकडचा पुसला जात होता आणि तिकडचा त्याच्या जागी ओतला जात होता. त्यांच्या घराण्याचं आडनाव मधल्या अक्षरांतलं. यायला अवकाश होता, पण फार नाही. आधी ताईचं नाव, मग त्याचं. म्हणजे तिचं काय होतं ते त्याला बघावं लागणार.

"काय रे, कुणाचा फोन होता?" ताई मागं येऊन उभी राहिली होती. शेजारची खुर्ची ओढून ती बसली. चर्र. वायर मुद्दाम आपल्या खुर्चीत हलला. चर्र.

आजवर हे त्याला कसं ऐकू आलं नव्हतं?

म्हणजे तो जिच्यावर संशय घेत होता, जिच्या भीतीनं दाराला कडी घालून झोपला होता, ती त्याचीच ताई होती. तिकडची त्या दुसऱ्याची. ही या वायरची. एकाच भरणीत, एकापाठोपाठ एक आलेली सख्खी भावंडं.

"ताई," तो म्हणाला, "घड्याळाचं जाऊ दे. मला राग नाही."

"बरं," ताई म्हणाली.

मग त्याला एक गोष्ट सुचली. सर्व्हरवाल्यालाच सुचेल अशी, आणि तशी बिनकामाचीच. पट्टी अजून त्यांच्यापर्यंत आली नव्हती, तोवर नाव बदलता येत होतं. त्यानं ताईची नोंद उघडली. शाळेत शेवटचं अक्षर ज्ञ. पण मशीनला ज्ञ म्हणजे ज चा नातेवाईक वाटतो, मशीनची अक्षरं ह वर संपतात. त्यानं ताईच्या आडनावाआधी एक ह घातला. एक ह म्हणजे ऑफिसातली उरलेली सगळी माणसं होईपर्यंतचा वेळ. तो किती, हे त्यानं मोजलं नाही.

ताई पडद्याकडं बघत होती. सरकणारी नावं, पलीकडं काकांचा आरडाओरडा, त्याच्या कपाळावरचा घाम. तिच्या डोळ्यांत काहीतरी हललं. चपलांकडं बघून माणूस ओळखणारे डोळे होते ते.

"हे काय चालवलंयस?"

"तुला खाली ढकलतोय. शेवटी."

"का?"

"विचारू नकोस. फक्त हो म्हण."

साहेबांच्या केबिनमधून आवाज आला, "हे मला कुणी सांगितलंच नाही!" पट्टी पुढं गेली.

"आणि तुझं?" ताईनं विचारलं.

"माझं राहू दे. वेळ नाही."

"नाही," ताई म्हणाली.

वायरनं मान वर केली. हा शब्द तिच्या तोंडून त्यानं शनिवारपासून ऐकला नव्हता. तिलाही तो नवा वाटला असावा, कारण तिनं तो पुन्हा, जरा मोठ्यानं म्हणून पाहिला. "नाही. आधी तुझं. आण तो कीबोर्ड इकडं."

"ताई, सोड."

"तू सोड! मोठी कोण आहे?"

"मोठी असलीस म्हणून काय झालं? यातलं तुला काय कळतं?"

"सगळं कळतं मला! एक अक्षर तर घालायचंय, त्यात कसली आलीय अक्कल! हात काढ म्हणते ना!"

दोघांच्या खुर्च्या चर्रचर्र वाजत होत्या, कीबोर्ड मधल्यामध्ये हिसकला जात होता, तिचं कोपर त्याच्या बरगडीत रुतलं होतं, आणि वायर इतक्या दिवसांत पहिल्यांदा खळखळून हसत होता. अख्खं ऑफिस त्यांच्याकडं बघायला लागलं. बघणाऱ्यांपैकी एकेक जण दचकत होता आणि मग आपण कुठं आहोत ते चाचपत होता.

त्यांच्या आडनावाचं अक्षर पट्टीखाली आलं, तेव्हा कीबोर्ड नक्की कुणाच्या हातात होता, यावर त्या दोघांचं एकमत झालं नाही.